पितळेचं नाक आणि हाडांच्या राखेची वाटी

आमचं घराणं गलाईवाल्यांचं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागाला दुष्काळ पाचवीला पुजलेला. त्यामुळे आजोबांच्या पिढीपासून माणसं गाव सोडून भारतभर पांगली. जिथे सराफ बाजार, तिथे आमच्याकडचा एखादा गलाईवाला असायचाच. वडिलांची भट्टी कोइमतूरला होती. सोनं-चांदी आटवायची, भेसळ काढायची, टंच म्हणजे धातूचा कस सांगायचा, हा धंदा. मी भट्टी सोडून रसायनशास्त्राचा मास्तर झालो. पण तेजाबाचा वास आला की अजूनही मान वळते.

पुतण्या चार वर्षांपासून प्रागला आहे. ‘काका, एकदा या तरी’ म्हणून मागे लागला होता. मी म्हटलं, येतो, पण मला पूल आणि राजवाडे दाखवत फिरवू नकोस. चारशे वर्षांपूर्वी तिथे युरोपभरचे किमयागार आणि ज्योतिषी एका राजाच्या जिवावर जमले होते, त्यांचं काय उरलंय ते बघायचंय. ही म्हणाली, ‘मला मात्र पूल बघायचाय.’ तह झाला आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस, २४ ऑक्टोबर

दुपारी उतरलो, बॅगा टाकल्या आणि थेट जुन्या गावातल्या मोठ्या चौकात. हवा आपल्याकडच्या महाबळेश्वरच्या जानेवारीसारखी. चौकात नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. ते अजून चालतं. ताशी ठोके पडले की वरच्या दोन खिडक्यांतून प्रेषितांच्या बाहुल्या फिरतात, शेजारचा सापळा दोरी ओढतो, शेकडो मोबाइल वर होतात आणि मिनिटभरात सगळे पांगतात. खरी गंमत त्या खिडक्यांखालच्या तबकडीत आहे. सूर्य कुठल्या राशीत, चंद्र किती भरलाय, उगवायला-मावळायला किती अवकाश आहे, सगळं एका काट्याच्या गुंत्यात. चालतंबोलतं पंचांगच ते. हिने सूर्य वृश्चिकेत आहे हे बरोबर ओळखलं. मला चष्मा बदलून दोनदा बघावं लागलं.

समोरच दोन काळ्या टोकदार मनोऱ्यांचं चर्च. त्याचं चेक नाव ऐकायला अगदी आपल्या ‘तीन’सारखं. ‘तीन चर्चला जाऊ’ असं पुतण्या म्हणाला तेव्हा ही म्हणाली, ‘आज एकच पुरे, पाय दुखतायत.’

या चर्चमध्ये खगोलज्ञ टायको ब्राहे पुरलेला आहे. तांबूस संगमरवराच्या उभ्या शिळेवर त्याची आकृती कोरलीय: चिलखत, गळ्याभोवती चुणीदार कॉलर, एक हात गोलावर. वर लॅटिन ओळ आहे, तिचा अर्थ ‘दिसण्यापेक्षा असावं’. तारखेचा योग मी मुद्दाम साधला नव्हता, तिकीट त्या दिवशी स्वस्त होतं. पण टायको गेला तो २४ ऑक्टोबर १६०१ लाच. अकरा दिवस आधी तो पेत्र व्होक या सरदाराकडे मेजवानीला गेला होता. यजमानाच्या आधी पंगतीतून उठणं असभ्य म्हणून लघवी दाबून बसला आणि घरी आल्यावर ती होईचना. पुढे बराच काळ लोक म्हणत राहिले की त्याला पाऱ्याचं विष घातलं. २०१० मध्ये डॅनिश आणि चेक संशोधकांनी कबर पुन्हा उघडली, दाढीचे केस आणि हाडं तपासली. माणूस मरावा इतका पारा त्यात निघाला नाही.

आणि ते नाक. विशीत असताना द्वंद्वात तलवारीच्या वाराने त्याच्या नाकाचा भाग गेला. भांडण गणितावरून झालं होतं असं सांगतात. मग जन्मभर तो धातूचं नाक चिकटवून वावरला. सोन्या-चांदीचं नाक म्हणून त्याची ख्याती होती. कवटीच्या नाकाजवळच्या हाडावर हिरवट डाग होते, त्यांचं पृथक्करण केलं तर निघालं तांबं आणि जस्त. म्हणजे पितळ. चारशे वर्षांनी पितळ उघडं पडलं ते असं. मी शिळेसमोर उभं राहून हसलो, तर शेजारच्या बाई रागाने बघायला लागल्या.

टायकोला आपण तारे मोजणारा म्हणून ओळखतो. पण तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या बेटावरच्या त्याच्या वेधशाळेच्या तळघरात भट्ट्या होत्या. किमयेला तो ‘जमिनीवरचं ज्योतिष’ म्हणायचा. सूर्य म्हणजे सोनं, चंद्र चांदी, शुक्र तांबं, मंगळ लोखंड, गुरू कथील, शनी शिसं आणि बुध म्हणजे पारा. वर सात, खाली सात. औषधंही तो स्वतःच करायचा. त्यामुळे ‘एकीकडे शास्त्रज्ञ, दुसरीकडे भोंदू’ अशी वाटणी मनात घेऊन प्रागला आलात तर पहिल्याच चर्चमध्ये ती मोडते.

बाहेर पडताना फरशीतले पांढरे क्रूस दिसले, सत्तावीस. २१ जून १६२१ ला सम्राटाविरुद्धच्या बंडाबद्दल इथे सत्तावीस जणांना मारलं. त्यात यान येसेनियस होता. १६०० मध्ये प्रागला जाहीर शवविच्छेदन करून दाखवणारा वैद्य. टायको आणि केप्लर यांच्यात पगारपाण्यावरून जुंपली तेव्हा मध्यस्थी करणाराही हाच, आणि टायकोच्या अंत्यविधीत याच चर्चमध्ये भाषण करणाराही हाच. त्याची आधी जीभ कापली, मग मान. चर्चचं दार आणि ते क्रूस एकाच चौकात.

दुसरा दिवस, २५ ऑक्टोबर

बावीस नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर. किल्ला म्हणायचा, पण आपल्या डोळ्यांना तो वाडे, देवळं आणि कचेऱ्यांचं डोंगरावरचं गावच वाटतो.

दुसरा रुडॉल्फ हा पवित्र रोमन सम्राट. गादी १५७६ ला मिळाली; १५८३ मध्ये त्याने व्हिएन्नाहून दरबार इथे हलवला. घुम्या, लग्न न केलेला, राज्यकारभाराचे कागद महिनोन्‌महिने न बघणारा. पण चित्रं, घड्याळं, रत्नं, शिंगं, यंत्रं, मुळ्या असं काहीही दाखवा, डोळे चमकायचे. एका चित्रकाराने १५९१ च्या सुमारास त्याचं चित्र काढलं ते सगळं फळं-भाज्यांचं: नाक नासपतीचं, गाल सफरचंदाचे. दुसऱ्या राजाने चित्रकाराला सुळावर दिलं असतं. याला ते आवडलं. आज ते चित्र स्वीडनमध्ये आहे, कारण १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने किल्ल्याचा हा भाग धुऊन नेला. त्यामुळे रुडॉल्फच्या संग्रहाच्या शोधात आलेल्याला इथे मुख्यतः रिकामी दालनं भेटतात. मी त्यातल्या एका लांब दालनात खांब मोजत बसलो. ही म्हणाली, ‘यासाठी तिकीट काढलं?’

मग सोनेरी गल्ली. तटाला चिकटलेली रंगीत, बुटकी घरं. गाइड लोक सांगतात की इथे रुडॉल्फचे किमयागार राहायचे. राहायचे नाहीत. ही घरं किल्ल्याच्या बंदूकधारी रखवालदारांसाठी होती, आणि नाव पडलं ते पुढे राहिलेल्या सोनारांवरून. एका दारातून डोकावलो तर आत जेमतेम दहा-बारा फुटांची खोली. इथे कुणी खरी भट्टी पेटवली असती तर गल्लीच जळाली असती. वडिलांच्या भट्टीची खोली याच्या दुप्पट होती, आणि तरी पावसाळ्यात धुराने शेजारी भांडायचे. खऱ्या भट्ट्या सरदारांच्या वाड्यांत, वैद्यांच्या घरांत आणि दक्षिणेला रोझेम्बेर्क या बड्या सरदार घराण्याच्या गढ्यांत होत्या. कोळसा, मुशी, काचकाम, हाताखाली दोन-चार पोरं आणि महिनोन्‌महिने न विझणारी आग. एवढं परवडणारा माणूस पाठीशी असेल तरच परीस शोधायचा. गल्लीत एकाच घरापुढे गर्दी होती, बावीस नंबर, तिथे लेखक काफ्का काही महिने लिहायला बसायचा.

दुपारनंतर किल्ल्यामागच्या बागेतून हिरवट तांब्याच्या छपराच्या उन्हाळी महालाकडे गेलो. होडी उलटी घालावी तसं ते छप्पर. याच्या सज्जावर टायकोची यंत्रं मांडली होती. टायको आला १५९९ ला; आपल्याकडे एकनाथांची समाधी त्याच सालची मानतात. जवळच रुडॉल्फचे सिंह पाळलेले असत. सम्राट आणि त्याचा लाडका सिंह यांचं नशीब एक आहे असं टायकोने भाकीत केलं होतं, अशी आख्यायिका आहे. १६१२ च्या जानेवारीत सिंह मेला आणि काही दिवसांत रुडॉल्फही. आख्यायिका सांगताना पुतण्याचा आवाज इतका खाली गेला की मी म्हटलं, ‘अरे, सिंह म्हातारा असेल.’

चढावर पोहोर्झेलेत्सला टायको आणि केप्लरचा जोडपुतळा आहे. त्यामागच्या शाळेच्या जागी त्यांचं घर होतं. शाळा सुटायची वेळ होती. पोरं पुतळ्याखाली दप्तरं टाकून सँडविच खात होती. मास्तराला आणखी काय हवं!

तिसरा दिवस, २६ ऑक्टोबर

आजचा दिवस मी आधीपासून राखून ठेवला होता, तो तादेआश हायेकसाठी. हा १५२५ ला प्रागमध्येच जन्मलेला वैद्य. गणित शिकवलं, १५७२ मध्ये आकाशात अचानक उगवलेल्या नव्या ताऱ्याचे वेध घेतले, जाडजूड वनस्पतीकोश चेकमध्ये आणला आणि १५८५ ला बिअर कशी होते यावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. (पुतण्याला यातलं शेवटचंच लक्षात राहिलं.) १५७५ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला, भावी सम्राट म्हणून रुडॉल्फला राजमुकुट चढला त्या वेळी त्याची तरुण टायकोशी गाठ पडली. तिथे त्याने टायकोला एक हस्तलिखित दिलं: कोपर्निकसने सूर्य मध्ये ठेवून लिहिलेलं छोटं टिपण, तोवर न छापलेलं. टायकोला पुढे प्रागला आणण्यातही हायेकचा हात होता.

त्याचं घर बेथलेहेम चौकात होतं. चौकात धर्मसुधारक यान हुसचं प्रार्थनाघर आहे, पन्नासच्या दशकात पुन्हा बांधलेलं. हायेकचा माग काढायला येणारा मी एकटाच. बाकावर बसलो. ही पुतण्याबरोबर मोजे घ्यायला गेली.

१५८४ मध्ये इंग्लंडहून जॉन डी इथे हायेकच्या घरी उतरला. राणी एलिझाबेथचा ज्योतिषी, गणिती, प्रचंड ग्रंथसंग्रहाचा मालक. बरोबर एडवर्ड केली, जो काचगोळ्यात देवदूत बघायचा आणि डी ते लिहून घ्यायचा. ज्या अभ्यासिकेत डी बसायचा तिच्या भिंती पक्षी, मासे, फुलं, भांडी अशा गूढ चित्रांनी भरल्या होत्या, हे त्याने रोजनिशीत टिपलंय. ३ सप्टेंबरला तो सम्राटाला भेटला आणि म्हणाला, देवदूताने तुझ्या पापांबद्दल तुझी कानउघाडणी करायला सांगितलंय. पगार मागायला आलेला माणूस असं बोलतो का? १५८६ मध्ये पोपच्या वकिलाच्या दबावाखाली दोघांना हद्दपार केलं. ते दक्षिणेला विलेम रोझेम्बेर्ककडे राहिले. डी पुढे घरी परतला, केली राहिला, कारण सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्याला इथे मागणी होती. सम्राटाने त्याला सरदारकी दिली आणि १५९१ मध्ये तुरुंगात टाकलं.

हायेकचं काम याच्या उलट टोकाचं. नवा किमयागार आला की सम्राटापुढे जाण्याआधी हायेक त्याची परीक्षा घ्यायचा. हे वाचलं तेव्हाच मला तो आमच्यातला वाटला. गलाईवाल्याकडे येणारा प्रत्येक माणूस आपलं सोनं बावीस कॅरेटचं असल्याचं सांगत येतो. वडील हसून हो म्हणायचे आणि दगडावर घासायचे.

फसवायच्या तऱ्हा ठरलेल्या होत्या. दुहेरी तळाची मूस: वरचा पातळ थर मेणाचा किंवा मातीचा, खाली सोन्याचा चुरा, आच लागली की थर गळतो आणि सोनं ‘तयार’. पोकळ सळी, टोक मेणाने बुजवलेलं, आत सोन्याचे कण. ढवळता ढवळता काम होतं. अर्धा सोन्याचा खिळा, वरून काळा रंगवलेला, द्रावात बुडवला की रंग जातो आणि ‘लोखंड सोनं झालं’. आमच्या धंद्यातही मुशीत काय पडतंय यापेक्षा ढवळणाऱ्याचा हात कुठे जातोय हे बघायला शिकवतात. रुडॉल्फचा एक वैद्य मिखाएल मायर स्वतः किमयेवर श्रद्धा ठेवणारा, पण खोट्या किमयागारांच्या युक्त्या उघड करणारं पुस्तक त्यानेच १६१७ मध्ये छापलं. परीस खरा आहे म्हणूनच नकली लोकांवर चिडायचं, असा तो राग. आपल्याकडे खरा वारकरी बुवाबाजीवर चिडतो तसाच.

आणि सगळेच लबाड नव्हते, हेही खरं. वर्गात मी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा बुडवून दाखवायचो. दहा मिनिटांत खिळ्यावर तांबं. आपल्याला ठाऊक आहे की पाण्यातलं तांबं बाहेर आलं आणि लोखंड आत गेलं. पण खाणीच्या पाण्यात हे डोळ्यांनी बघणाऱ्याला लोखंडाचं तांबं झालं असं वाटलं, तर मग तांब्याचं सोनं का होऊ नये? सेन्दिवोगियस या पोलिश माणसाने १६०४ मध्ये प्रागला छापलेल्या पुस्तकात लिहिलं की हवेत जगायला लागणारं काहीतरी दडलेलं आहे आणि त्याचा शोऱ्याशी संबंध आहे. शोरा तापवला की प्राणवायू सुटतो हे आज नववीचं पोरगं सांगेल. परीस शोधायला निघालेला माणूस दाराशी येऊन ठेपला होता.

या लोकांत एक बाई आहे, तिच्यासाठी संध्याकाळी पूल ओलांडून सेंट थॉमस चर्चपर्यंत गेलो. एलिझाबेथ जेन वेस्टन, केलीची सावत्र मुलगी. केली तुरुंगात गेला, घरावर कर्ज. मग ही मुलगी लॅटिनमध्ये कविता लिहून दरबारी लोकांना पाठवू लागली, दाद मागू लागली. त्या कवितांनी तिचं नाव युरोपभर झालं. १६१२ मध्ये तिशीच्या आसपास गेली आणि इथे पुरली गेली. केलीच्या मुशीतून काही निघालं असेल तर ते हे, असं हिचं मत पडलं. मोजेही चांगले मिळाले होते, त्यामुळे मूड चांगला होता.

मध्ये दुपारी कार्लोव्हा रस्त्यावर चार नंबरचं घर शोधलं. दोन्ही बाजूंना बाहुल्या, गोधड्या, बुढ्ढीके बालवाली दुकानं. इथे १६०७ पासून योहान केप्लर राहिला. सम्राटाचा गणिती, पगार कायम थकलेला. १६१० च्या मार्चमध्ये वाकर नावाचा त्याचा दरबारी मित्र घोडागाडीतून इथे आला आणि गाडीतूनच ओरडून सांगितलं की इटलीत गॅलिलिओने नळीतून बघून चार नवे ग्रह शोधलेत. दोघांना इतकं हसू फुटलं, इतका गोंधळ उडाला, की एकाला बोलता येईना, दुसऱ्याला ऐकू येईना. हे केप्लरनेच लिहून ठेवलंय. एप्रिलमध्ये पुस्तक हाती आलं आणि थोड्याच दिवसांत त्याने स्वतः दुर्बीण नसताना गॅलिलिओच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं.

याच वाकरसाठी पुढे नववर्षाची भेट आणायला खिशात पैसे नव्हते. पुलावरून जाताना कोटावर बर्फाचे कण पडले, प्रत्येक सहा कोपऱ्यांचा. पाचच्या ऐवजी सहाच का? १६११ मध्ये त्याने त्यावर छोटी पुस्तिका लिहिली आणि तीच भेट दिली. लॅटिनमध्ये बर्फाला ‘निक्स’. जर्मनमध्ये तसाच उच्चार ‘काही नाही’ला. त्या पुस्तिकेत त्याने गोळे कमीत कमी जागेत कसे रचायचे तेही सांगितलं: फळवाला मोसंबी रचतो तसेच. बरोबर आहे, हे गणिताने सिद्ध व्हायला १९९८ उजाडलं. आमच्या विट्याच्या बाजारातल्या फळवाल्याला ते आधीपासून माहीत होतं.

पुलावर आज बर्फ नव्हता. ही तासभर कठड्याला टेकून नदी बघत राहिली. तहातला तिचा भाग पूर्ण झाला.

चौथा दिवस, २७ ऑक्टोबर

सकाळी ‘किमयागाराची खरी प्रयोगशाळा’ असा फलक लावलेल्या एका तळघरात गेलो. नाव सांगत नाही. निळ्या-हिरव्या पाण्याच्या बाटल्या, खालून दिवे. मगरीचं पिल्लू छताला टांगलेलं. आणि भट्टीला धुराडंच नाही. मी गाइड मुलीला विचारलं, धूर कुठून जायचा? ती गोड हसली आणि तारुण्याचा अर्क असलेली बाटली विकायला दाखवली. कोपऱ्यात मात्र एक मातीचं नळीचं टोपण होतं. आपल्या रसशास्त्रातल्या पातनयंत्राची धाकटी बहीण शोभेल असं: खाली उकळायचं, वर गार करायचं, नळीतून थेंब धरायचा. शेजारी वाळू भरलेलं भांडं, आपलं वालुकायंत्र. ‘किमया’ हा शब्द आपल्याकडे आला तो अरबीतून, फारसीच्या वाटेने. त्यांच्याकडे तोच ‘आल्‌’ लावून गेला. एका शब्दाची दोन टोकं त्या तळघरात मला भेटली, तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे माफ.

ज्यू स्मशानात दगड एकमेकांवर रेललेले, गर्दीत माणसं उभी राहावीत तसे. दाव्हिद गान्स इथे आहे, १६१३ ला गेलेला. थडग्यावर तारा आणि हंसासारखा पक्षी, कारण त्याच्या आडनावाचा अर्थच तो. ज्यू मोहल्ल्यातला हा इतिहासकार आणि गणिती टायकोकडे तीनदा, दर खेपेला पाच-पाच दिवस राहून आला. रात्री बारा-बारा माणसं वेध घेताना त्याने पाहिली आणि हिब्रूत लिहून ठेवली. मला या शहराचं खरं आश्चर्य इथे वाटलं. लुथरपंथी टायको आणि केप्लर, कॅथलिक सम्राट आणि ज्यू गान्स. त्या शतकात धर्मावरून गावंच्या गावं जळत होती आणि हे लोक मंगळ कुठे आहे यावर माना खाली घालून आकडे लिहीत होते. टिकलं नाही, ती गोष्ट वेगळी.

दुपारी लेत्नाच्या टेकडीवर राष्ट्रीय तांत्रिक संग्रहालय. इथे शाळेतली पोरं विमानांकडे धावतात. खगोलाच्या दालनात मी आणि एक झोपाळू रखवालदार. पण इथे आकाशातले कोन मोजायची दोन षष्ठांशयंत्रं आहेत, १६०० च्या सुमाराची: एक एराझमुस हाबेर्मेलचं, एक योस्ट ब्युर्गीचं. ब्युर्गी हा घड्याळजी, शिक्षण बेताचं, लॅटिन येत नव्हतं. आणि १६२० मध्ये प्रागला त्याने लॉगॅरिदमचे तक्ते छापले. लॉगॅरिदमचा शोध ज्याच्या नावावर आहे त्या नेपियरपासून वेगळे, स्वतः शोधलेले. पण सहा वर्षं उशिरा, कारण छापायला तो कधी घाईच करेना. हाताने काम करणाऱ्यांचा हा जुना रोग, आमच्या वडिलांनाही होता.

यंत्रासमोर पुतण्याला कोन समजावला. एका अंशाच्या साठ कला. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास आकाशात साधारण तीस कला. टायकोचे वेध, दुर्बीण नसताना, एक-दोन कलांपर्यंत अचूक. त्याच्यानंतर केप्लरने मंगळाला वर्तुळात बसवायचा प्रयत्न केला, वर्षानुवर्षं, आणि शेवटी फरक राहिला आठ कलांचा. चंद्राच्या पाव भागाइतका. दुसऱ्या कुणी ‘जवळपास जमलं’ म्हणून पुस्तक छापलं असतं. केप्लरने टायकोच्या मापावर विश्वास ठेवला आणि वर्तुळ फेकून दिलं. १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळ म्हणून छापली. पुतण्या म्हणाला, ‘म्हणजे पाव चंद्रासाठी?’ हो रे बाबा, पाव चंद्रासाठीच.

संध्याकाळी जेवायला तळलेलं चीज आणि बटाटे. सलग चौथ्यांदा. हिने पिशवीतून लसणीची चटणी काढली आणि शेजारच्या टेबलालाही दिली.

पाचवा दिवस, २८ ऑक्टोबर

त्यांचा राष्ट्रीय दिवस. ट्रामना दोन-दोन छोटे झेंडे लावलेले. आम्ही आगगाडीने तासाभरात कुत्ना होराला. पुतण्याला वाटत होतं मी तिथलं हाडांचं चर्च बघायला चाललोय. मला हवी होती चांदी.

१३०० मध्ये राजा दुसऱ्या वेन्सेस्लासने इथे टांकसाळ काढली आणि प्रागचे ग्रोश ही चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली. ती टांकसाळ ‘इटालियन वाडा’ म्हणून अजून उभी आहे. भिंतीत बसके कोनाडे, प्रत्येकात एक ठोकणारा बसायचा. कानांचं काय होत असेल! मग पांढरे झगे आणि दिव्याची टोपी घालून जुन्या खाणीत. बोगदा इतका चिंचोळा की आडवं चालावं लागतं. हिने पहिल्या जिन्यावरच परत फिरायचा शहाणपणा दाखवला. आत दिवे बंद करून दाखवतात. त्या काळोखात हातोडा मारणारा माणूस सम्राटाच्या परिसाबद्दल काय म्हणत असेल, असं वाटलं.

मला इथे आणलं ते लाझारुस एर्करने. खाणी आणि टांकसाळींत हयात गेलेला परीक्षक. १५७४ मध्ये प्रागला त्याने धातू कसायचं पुस्तक छापलं, साध्या जर्मनमध्ये, चित्रांसकट. मुख्य टांकसाळ सांभाळायचं काम त्याच्या बायकोनेही केलं. त्याची चित्रं बघताना मी चक्रावलो होतो. भट्टीपुढे बसलेला माणूस, फटीच्या लाकडी पट्टीतून आगीकडे बघणारा, डोळे वाचवायला. वडील तशीच पुठ्ठ्याची पट्टी धरायचे. हाडं जाळून, दळून, चाळून केलेली राखेची वाटी. तीत चांदीबरोबर शिसं घालायचं आणि आच द्यायची. शिसं भेसळीला पोटात घेऊन राखेत मुरतं आणि शेवटी वाटीत एक मणी उरतो. क्षणभर चमकतो आणि थिजतो. त्या चमकेला आमच्याकडे ‘डोळा उघडला’ म्हणायचे. सोन्यातली चांदी काढायची तर आधी तीन भाग चांदी मुद्दाम मिसळायची, म्हणजे तेजाब आतपर्यंत पोचतं, चांदी विरघळते आणि खाली तपकिरी मातीसारखं शुद्ध सोनं. हे सगळं एर्करमध्ये आहे आणि हे सगळं कोइमतूरच्या त्या खोलीत होतं. आधी तोलायचं, मग जाळायचं, मग पुन्हा तोलायचं. हायेकने किमयागार तपासले ते, मला वाटतं, याच सवयीने. आणि केप्लरने आठ कला सोडल्या नाहीत त्याही याच सवयीने. ती सवय त्यांनी ज्योतिष्यांकडून उचलली की टांकसाळीतल्या माणसांकडून, यावर परतीच्या गाडीत मी पुतण्याशी वाद घातला. त्याने मोबाइलवर काहीतरी शोधायला सुरुवात केली, मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

निघण्याआधी चौकातल्या दुकानात त्याने आपल्या मुलीसाठी ग्रोशची प्रतिकृती घेतली. ‘काका, बघा की, चांदीची वाटते.’ मी ती हातात तोलली, हलकी लागली. दुकानाच्या दगडी पायरीवर टाकून वाजवली. बद्द आवाज आला. दुकानदाराने मान वर करून पाहिलं आणि हसून कानाला बोट लावलं: ओळखलंत.

‘कथील,’ मी म्हटलं. ‘घे. पोरीला वाजवायला शिकव.’